ढगाची काठी

दि. ७ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आधीच्या पत्रानंतर मधे अख्खा उन्हाळा होऊन गेला आणि थंडी येऊन बसली. तेवढ्यात मी एका वर्गाला ‘देव’पासून ‘माला’पर्यंत सगळे शब्द चालवायला शिकवले. तुझी लेखणी मात्र चालली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ठोंब्या म्हणू नये असं आमच्या ह्यांचं मत आहे. मी म्हटलं, त्यानं कारण काढून टाकावं, मी नाव काढून टाकते.

पण पत्राचा शेवट वाचला आणि सगळे अपराध पोटात घातले. तू लिहिलंस की, हल्ली तू पाळी संपवून घरी आलास की चिमणी तुझ्या अंगातला कामाचा शर्ट ओढून घेते, मागच्या अंगणात तारेवर टाकते, काठीनं झोडपते आणि उडालेल्या पांढऱ्या धुळीत हत्ती नि बदकं शोधते. नात तुझी, पण आजीपणाचा अर्धा हक्क माझा आहे, म्हणून विचारते: तिला हे शिकवलं कुणी? तूच शिकवलं असणार. खुर्चीत बसल्या बसल्या मी परत परकर घातलेली मुलगी झाले.

आठवतं ना? बाबा गिरणीतून यायचे ते वळणावर शीळ घालत. खाणीतल्या दगडाचा भुगा होतो ती गिरणी; आपल्याला मात्र लहानपणी वाटायचं, बाबा पीठ दळतात. पापण्या पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांत पांढरं. मला कितीतरी वर्षं वाटायचं की आपले बाबा संध्याकाळी म्हातारे होऊन घरी येतात आणि आंघोळ केली की तरुण होतात. मग आई कपडे तारेवर टाकायची, भिंतीवरून तिरकं ऊन यायचं, आणि मी काठी उचलायची. काय ढग निघायचे! आत चांदीसारखे बारीक धागे चमकायचे. मी मारणार, तू लांब भिंतीपाशी उभा राहून ओरडणार, ‘घोडा! जहाज! हेडमास्तर!’ संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे हे पुढे शाळेत कळलं, तेव्हा मला वाटलं, हे आपल्या दोघांसाठीच केलंय.

चिमणीला म्हणावं, काठी मनगटातून फिरवायची, खांद्यातून नाही. ढग मोठा निघतो.

इकडे सर्व ठीक. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर नेलाय. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी मुलांना थांबवून एक धातू चालवायला सांगते. मुलांना वाटतं बाईंची शिस्त. तेवढ्यात बाईंचा श्वास परत येतो, हे गुपित तुझ्यामाझ्यात. वय झालं रे. तुझा खोकला कसा आहे? त्याबद्दल तू काहीच लिहीत नाहीस, म्हणजे तो बरा नाही.

लोभ आहेच, तो टिकवायला टपाल लागतं एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनगटातून काठी फिरवायची ही विद्या आज इतक्या वर्षांनी उघड केलीस! मला तर एकदाही काठी हातात दिली नाहीस. ‘थोरलेपणाचा मान आहे, तू मोठा झालास की देईन’ म्हणायचीस. मी मोठा झालो तेव्हा तू लग्न होऊन निघून गेलीस, आणि एवढा बाप्या माणूस अंगणात ढग कसा काढणार? आता काठी आहे तर नातीच्या हातात. तीही देत नाही. थेट तुझ्यावर गेली आहे. मी भिंतीपाशी उभा राहून ‘घोडा’ म्हणतो तर म्हणते, आजोबा, तो उंदीर आहे.

काठी तीच बरं का. आईनं कोपऱ्यात उभी करून ठेवली होती ती मी टाकली नाही.

खोकल्याचं म्हणशील तर खोकला आहे. गिरणीत कुणाला नाही? बाबांनाही होता. आपल्या घराण्यात दमाच आहे, त्याला काय करणार. तुझी भावजय उगाच भुणभुण लावते. दर वर्षी खाणीच्या दारात तपासणीची गाडी येते, छातीचे फोटो काढते. मी दर वेळी त्या दिवशी सुट्टी टाकतो. कारण ऐक. ज्याचा फोटो वाईट येतो त्याला गिरणीतून काढून फाटकापाशी स्टुलावर बसवतात. जन्मभर मशीन चालवलं आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत बसू? बाबा शेवटच्या महिन्यापर्यंत गिरणीवर उभे होते.

आणखी एक गंमत. गेल्या वर्षी खाणीनं आतच न्हाणीघर बांधलं. कामाचे कपडे तिथेच काढा, आंघोळ करा, घरचे कपडे घालून बाहेर पडा, असा हुकूम. पण जो तिथे आंघोळ करून, केस विंचरून निघतो त्याला आमच्यात ‘जावई’ म्हणतात. कामाला आलास की पाहुणचाराला? पांढऱ्या खांद्यांनी घरी गेला तोच खरा गिरणीवाला. त्यामुळे न्हाणीघरात सध्या झाडू आणि मोडकी बाकं आंघोळ करतात.

आणि तुला माझी एवढीच काळजी असेल तर तू काढ आधी फोटो. जिन्यात धातू चालवतेस ना? तुझा निघाला की दुसऱ्या दिवशी मी माझा काढतो. मर्दाचा शब्द. तू सुईला घाबरून शाळेच्या संडासात लपलेली मी अजून विसरलो नाही, म्हणून निर्धास्तपणे लिहितो.

यजमानांना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझा,
ठोंब्या (कारण अजून काढलेलं नाही)


दि. २८ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शब्द दिलास तो मी कागदासकट जपून ठेवला आहे. ‘मर्दाचा शब्द’ पुल्लिंगी असतो आणि तो पुढे चालत नाही, असा माझा अनुभव आहे. तरी पाहू.

दमा घराण्यात आहे म्हणतोस. मी आठवून पाहिलं. आजोबा नव्वदीपर्यंत शेतात हाका मारायचे आणि दोन टेकड्यांपलीकडची म्हैस वळून बघायची. काका पोवाडे म्हणायचे. घराणं म्हणजे नक्की कुठलं? दमा बाबांना झाला, आणि आईला. आई तर या घराण्यातली सुद्धा नव्हती. तिला धाप लागायची तेव्हा आपण म्हणायचो, बाबा गेल्याचं तिनं मनाला लावून घेतलं. आजवर मीही हेच सांगत आले. काल भांडी लावता लावता एकदम वाटलं, मनाला लावून घेतल्यानं पायऱ्या चढवत नाहीत हे कुठल्या शास्त्रात आहे?

असो. बाबांच्या शिळेचं तुला आठवतं का? आधी वळणावरून ऐकू यायची. मग ते वळण मागे टाकून अलीकडे, पिंपळाखाली येईपर्यंत ऐकू येईना. मग फाटक वाजलं की कळायचं. शेवटी शेवटी ते नुसते ओठ मुडपायचे आणि हवा यायची, सूर नाही. तू म्हणायचास, बाबा शीळ विसरले. शीळ ऐकू आली नाही तरी आई त्याच वेळेला चहाचं आधण ठेवायची.

आणि त्यांनी एकदा खिशातून रेशीमदगडाचा तुकडा आणला होता, नखानं ओढला की कापसासारखे धागे सुटत. त्यांनी तो चुलीत टाकला, लाल झाला, आणि बाहेर काढला तर जसाच्या तसा! आपण दोघं तोंड उघडं टाकून बघत होतो. पुढे मला संस्कृतात त्याला शब्द सापडला, अग्निशौच, म्हणजे जे विस्तवात टाकलं की जळत नाही, उलट स्वच्छ होतं ते वस्त्र. मी तो बाबांना पत्रानं कळवला होता. त्यांनी उत्तरात लिहिलं, शब्द चांगला आहे, गिरणीत सांगितला, मुकादम म्हणाला पोत्यावर छापू.

फोटो काढायला पुढच्या आठवड्यात जाते. सुई नसते असं कळलं आहे.

तुला हसू आलं असेल तर ते कळव, नाही आलं तरी कळव.

तुझी,
ताई


दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

मी आपण होऊन कधी लिहीत नाही, पण आता राहवेना. तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि हसले. हसता हसता खोकला आला तो थांबेना. चिमणी घाबरून माझ्या मागे लपली.

तुम्हाला ते खरं लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. हल्ली आडवं झोपवत नाही. उश्या रचून बसल्या बसल्या झोपतात. चढावर पाण्याचा पंप आहे तिथे थांबतात आणि पंपाकडे असं बघतात जणू विकत घ्यायचाय. मी विचारलं तर म्हणतात, बिघडलाय का बघत होतो. तो पंप गेली कित्येक वर्षं बंदच आहे.

गाडी या महिन्याच्या शेवटी परत येणार आहे. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, कारण तुमच्याशी त्यांना पैज जिंकायची असते. तेवढं हरवा त्यांना.

मी लिहिलंय हे त्यांना कळवू नये. राग धरू नये, जिव्हाळा असू द्यावा.

आपली,
भावजय


दि. ११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोटो निघाला. आता तू तोंड लपवायला न्हाणीघरात जा, तिथे झाडूंशेजारी जागा असेल.

काय सोहळा तो! जाड कोट घातलेला एक गृहस्थ मला थंडगार पाटीला छाती लावून उभी करतो आणि काचेमागून ओरडतो, ‘श्वास घ्या, धरा!’ याला संस्कृतात कुंभक म्हणतात. मी तो मुलांना कैक वर्षं व्याख्येसकट शिकवलाय. स्वतःला मात्र जमला नाही. दोनदा खोकले, तिसऱ्यांदा धरला. बाहेर आमचे हे माझी पर्स पोटाशी धरून बसले होते, जणू तिचाही फोटो काढतील.

फोटो छान आला असावा. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्यासमोर धरला, मग शेजारच्या डॉक्टरांना बोलावून दाखवला, मग पुन्हा दोघांनी बघितला. आपल्या रूपाचं एवढं कौतुक लग्न ठरताना सुद्धा झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आहे, आणखी एक मोठ्या मशीनवर काढायचाय म्हणे.

मी माझं केलं. गाडी महिनाअखेरीस येते असं उडत उडत कानावर आलंय. शब्द पाळ.

चिमणीनं काढलेलं ढगाचं चित्र मिळालं. मधे काठी घेतलेली मुलगी मीच, असं तिनं खाली लिहिलंय. ‘आजी’ला वेलांटी पहिली दिलीय, पण ती कोपऱ्यात नाकासारखी छान दिसते. राहू दे.

पुढच्या टपालाची वाट बघते.

तुझी,
ताई


दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत कशाला बोलावलं? मोठं मशीन कशाला? तू कौतुक वगैरे लिहून मला फसवू नकोस. लहानपणी ताप आला की तू अशीच विनोद करायचीस, मी ओळखतो.

तू तर गिरणीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाहीस. बाबांचा डबा द्यायला मी जायचो, तू नाही. तुला काय होणार? जुनी सर्दी असेल. खडूची धूळ असेल. काय ते स्पष्ट लिही. उलट टपालानं लिही.

गाडीचं बघतो.

ठोंब्या


दि. २२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानं वाच, आणि वाचायच्या आधी मागच्या अंगणात जा. तारेवर तुझा शर्ट असेल तर चिमणीला आत पाठव, शर्ट बादलीत बुडव, सुका झटकू नकोस. अंगणावर पाणी ओत, झाडू मारू नकोस. काठी भिजवून चुलीत घाल. आजपासून कामाचे कपडे घरी आणायचे नाहीत. गिरणीच्या ऑफिसचा फोन कालपासून लावतेय, लागत नाही. नाहीतर अख्ख्या पाळीसमोर ओरडून सांगितलं असतं. ही विनंती नाही. थोरलेपणाचा मान आहे.

केलंस? आता बस आणि पुढचं वाच.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे. तिनं विचारलं, तुम्ही कुठल्या खाणीत होता? मी म्हटलं, व्याकरणात. ती हसली नाही. म्हणाली, फुप्फुसाच्या आवरणावर पांढरे जाड चट्टे आहेत आणि तळाचा भाग ताठरलाय. असं एकाच धुळीनं होतं, ॲस्बेस्टॉसच्या. आपला रेशीमदगड तो. मी म्हटलं, बाई, काहीतरी चूक झाली असेल, फोटो दुसऱ्याचा असेल, गिरणीत माझे वडील होते, आता भाऊ आहे, मी फाटकाबाहेरच मोठी झाले. तिनं विचारलं, वडिलांचे कपडे घरी कोण झटकायचं?

आणि ठोंब्या, मी खुलले रे. मला कुणी ते कधी विचारलंच नव्हतं. मी तिला तिरकं ऊन सांगितलं, चांदीचे धागे सांगितले, मनगटातून काठी कशी फिरवायची ते हात करून दाखवलं. घोडा, जहाज, हेडमास्तर. सांगता सांगता माझं लक्ष गेलं तर तिनं लिहायचं थांबवलं होतं आणि ती माझ्या हाताकडे बघत होती.

ती म्हणाली, ते चमकणारे धागे केसाहूनही बारीक असतात. छातीत गेले की बाहेर येत नाहीत, कुजत नाहीत, तीसचाळीस वर्षं तसेच बसून राहतात. विस्तवात सुद्धा जळत नाहीत ते, छातीत कसे विरघळणार? हे मात्र मीच तिला सांगितलं. आपल्याला ते चुलीपाशीच शिकवलं होतं ना, बाबांनी.

माझं असं आहे. आज तरी तो वाईट आजार नाही. चट्टे जाणार नाहीत. दर सहा महिन्यांनी फोटो, जिना कमी, खोकला आला की लगेच औषध. शाळेनं वर्ग तळमजल्यावर दिलाय. घाबरून पळत येऊ नकोस. पळणं तुझ्याच्यानं होणार नाही आणि आलास तर मला चहा करावा लागेल.

रात्रभर आईचा विचार करत होते, आणि सकाळी तुझा. तू जन्मभर कुरकुर केलीस की ताईनं काठी दिली नाही. तुला भिंतीपाशी लांब उभं केलं, कारण मला ढग एकटीला हवा होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा स्वार्थ तो, आणि बहुतेक एकमेव परोपकार. मग तू मोठा होऊन गिरणीतच जाऊन उभा राहिलास, याला मी काय करू?

पण चिमणीच्या हातात काठी आहे आणि ती भिंतीपाशी उभी नाही. मी तिला मनगट शिकवलं, पत्रातून. तेवढं तिला विसरायला लाव.

तुला लोक जावई म्हणतील. म्हणू देत. आपल्या बाबांना कुणी जावई म्हटलं असतं तर आज मी त्या माणसाच्या पाया पडले असते.

तुझी,
ताई


दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उभ्यानं वाचलं. तारेवर शर्ट होता. चिमणी काठी घेऊन तयार होती. मी तिच्या हातातून काठी काढून घेतली ती इतक्या जोरात की ती रडली. इतक्या वर्षांनी काठी हातात आली आणि मला ती धरवेना. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं, काठी पाण्यात बुचकळली आणि बंबात घातली. ताईंनी सांगितलंय ना, म्हणाली. मी जरा थांब म्हणणार होतो, आईनं जपलेली होती. पण थांब म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातले झाडू बाहेर काढले, फरशी धुतली आणि पाळी संपल्यावर आंघोळ केली. बाहेर आलो तर सगळी गिरणी दाराशी. ‘जावई आले, गादी घाला!’ पोती भरणारा तो पोतीवाला सगळ्यात पुढे. त्याचा आवाज तुला माहीत नाही, लाउडस्पीकर घरी विसरला तरी चालतं. म्हणाला, जावईबापू, सुपारी देऊ का? तिसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, तुझे कपडे घरी कोण झटकतं? म्हणाला, पोरी झटकतात, का? मी म्हटलं, माझी बहीण झटकायची. ती कधी फाटकाच्या आत आली नाही. मग तुझ्या फोटोचं सांगितलं. मशीन बंद असतं तेव्हा गिरणी इतकी शांत असते हे मला माहीत नव्हतं.

पोतीवाला त्या संध्याकाळी न्हाणीघरात आला तो टॉवेल न आणता. माझा ओला टॉवेल मागितला. आता नळापाशी रांग लागते. मुकादम म्हणतो, सगळेच जावई झालात, सासऱ्यानं जायचं कुठं?

गाडी आली होती. शब्द पाळला. कुंभक मलाही जमला नाही. तुझ्यासारखेच चट्टे आहेत, शिवाय आत जाळी धरल्यासारखं आहे. भावंडं शोभतो म्हणायची. गिरणीतून काढलं मला. फाटक नाही मिळालं, सामानाच्या कोठारात बसवलंय, पान्हे नि बोल्ट मोजायला. स्टूल आहेच. वाटलं होतं तेवढं टोचत नाही. धूळ खिडकीबाहेर दिसते, तिकडे बघत बसतो. उश्या अजून लागतात. डॉक्टर म्हणाले, गेलेला श्वास परत येणार नाही, आहे तो राखा. मी म्हटलं, राखणदारीच मिळालीय.

पण एक अडचण आहे. परवा स्वच्छ शर्टात घरी आलो. चिमणी दारात उभी होती. शर्टाला हात लावला, थोडा हलवून बघितला, काही उडालं नाही. मग वर बघून म्हणाली, ‘आजोबा, आज कामावर नाही गेलात?’ काल पण तेच. आज पण. मला बाबा पांढऱ्या पापण्यांचेच आठवतात. तिला मी कसा आठवावा?

तू शास्त्रीण. तूच तिला काहीतरी लिही.

औषध वेळेवर घे. माया आहे ती अशीच राहू दे, दोघांनीही सांभाळून वापरू.

तुझा,
ठोंब्या


दि. २० मार्च

चि. सौभाग्यकांक्षिणी चिमणीबाईंस,
अनेक गोड आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. जोडाक्षरं आली तर आजीला वाचायला सांग, पण आजोबांना मधे बोलू देऊ नकोस.

तू विचारलंस की आजोबा कामावर गेले होते का. गेले होते. माझी साक्ष काढ. आता ते काम संपलं की ढग तिथेच ठेवून येतात. फार जुना ढग आहे तो, त्याला घरी आणायचं नाही असं ठरलंय. तुझ्या पणजोबांच्या वेळी आधी ढग घरी यायचा आणि त्याच्या आतून माणूस शोधून काढावा लागायचा. तुला आता शोधावं लागत नाही, समोर उभाच असतो. त्याच्या मानेचा वास घेऊन बघ. साबणाचा वास आला, तर तो कामावर जाऊन आला असं समजायचं.

तू माझ्यावर रागावली असशील, कारण काठी जाळायला मीच सांगितली. माझी होती, म्हणून सांगितली. तिच्या बदली तुला एक नवा खेळ देते. आजोबांचा धुतलेला शर्ट, ओलाचिंब, न पिळलेला, दोन्ही हातांनी खांद्यांपाशी धरायचा. संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून अंगणात उभं राहायचं आणि जोरात झटकायचा. थेंब उडतील. नीट बघितलंस तर त्या थेंबांत सात रंग दिसतील, हातभर लांब, आणि लगेच जातील. म्हणून पुन्हा झटकायचं. मी शाळेच्या पटांगणात रुमालानं करून बघितलं, दिसतात. शिपाईमामा माझ्याकडे संशयानं बघत होते, बघू देत.

या खेळात कुणी लांब भिंतीपाशी उभं राहायचं नाही. सगळ्यांनी जवळ यायचं, भिजलं तरी चालतं.

एकच नियम आहे, आणि तो मोडायचा नाही. पहिल्यांदा झटकायला आजोबांना दे. ते फार लहान असल्यापासून थांबलेत.

रंगांत काय काय दिसलं ते चित्र काढून पाठव. उत्तराची वाट जिन्याखालच्या खुर्चीत बसून बघते आहे.

तुझी,
मोठी आजी